अर्धी निवडलेली बाजरी

अहो,

वर काय लिहावं, तेच आधी कळेना. 'प्रिय' लिहिलं असतं तर तुम्ही हसला असता. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तुम्हाला 'अहो'शिवाय हाक मारली नाही, तेव्हा तेच बरं.

हे पत्र तुमच्या अभिप्राय वहीत लिहितेय. हो, तीच लाल पुठ्ठ्याची, जी तुम्ही गाळ्याच्या दारात स्टुलावर ठेवायचात. मागची बरीच पानं कोरी आहेत. घरात तुमचे चित्रांचे जाड कागद आहेत, पण त्यांना हात लावायचा आता धीर होत नाही. का, ते पुढे येईलच.

आज दुपारी प्रणालीचं प्रदर्शन, तुम्हीच ठरवून गेलात ते, उतरलं. गाळा रिकामा झाला. उद्या सकाळी आपला नितीन सुप्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीतून सुट्टी काढून येतोय आणि बरोबर एका माणसाला आणतोय, गाळा दाखवायला. त्या माणसाला औषधांचं दुकान टाकायचंय. उद्या मला हो किंवा नाही, एक काहीतरी सांगायचंय आणि माझं डोकं नुसतं भणभणतंय. तुम्हाला विचारल्याशिवाय मी या घरात कधी खिळा ठोकला नाही. आता कोणाला विचारू?

नितीनचंही चूक नाही. तो म्हणतो, "आई, बाबा होते तवर ठीक होतं. तुला यातलं काय कळतंय? कशाला जिवाला घोर लावून घेती?" पोरगं मायेनंच बोलतं. पण 'तुला काय कळतंय' ऐकलं आणि मला तुम्हीच आठवलात.

आठवतं का? शाळेतून निवृत्त झालात आणि आठवड्याभरात पांढऱ्या रंगाचे डबे घेऊन घरी आलात. रस्त्याकडेचा हा गाळा आपण किराणा दुकानासाठी बांधलेला. तुम्ही म्हणालात, "इथं चित्रांची प्रदर्शनं भरवायची." पारनेरात! माणसं नगरला दवाखान्यात जातात, पुण्याला बस्ता बांधायला जातात. चित्रं बघायला कुणी कुठे जातं का हो? मी म्हटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. कसलं उतरतंय!

पहिल्याच वर्षी तो श्रीगोंद्याचा मुलगा नांगराचे गंजलेले फाळ घेऊन आला आणि भिंतीवर ओळीनं टांगून गेला. माझा भाऊ बघायला आला, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "आक्के, दाजींचं बरं चाललंय ना? भंगाराचा धंदा काढला का काय?" मला हसूही आलं आणि लाजही वाटली. रात्री जेवताना मी तुम्हाला विचारलं, त्या फाळांचा अर्थ काय हो? तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "सुमन, ते तुला नाही कळायचं."

रागानं नाही म्हणालात. भाजी वाढ म्हणावं, तितक्या सहज म्हणालात. पण त्यानंतर मी विचारायचं सोडून दिलं. गाळा झाडला, फरशी पुसली, येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा केला, बशीत बिस्किटं मांडली. भिंतीवर काय आहे ते डोळे भरून कधी बघितलं नाही. तुम्ही दर वेळी म्हणायचात, "वहीत दोन ओळी लिही ना." मी म्हणायचे, मला काय कळतंय! तुमचंच वाक्य तुम्हाला परत द्यायची, आणि तुमच्या ते लक्षातसुद्धा यायचं नाही.

आणखी एक सांगून टाकते. तुम्हाला उद्‌घाटनाला नारळ फोडलेला चालायचा नाही. फीत नको, हार नको, नारळ नको. मी दर वेळी मागच्या दारी पायरीवर फोडायची. दुसऱ्या दिवशी तुम्ही खोबऱ्याची चटणी मिटक्या मारत खायचात. कधी विचारलं नाहीत, एवढी चटणी कशी म्हणून. सगळंच तुम्हाला कळत होतं असं नाही हं!

आता प्रणालीचं सांगते. त्यासाठीच तर बसलेय.

तुम्ही गेलात, त्यानंतर महिन्याभरानं तिचा फोन आला. "सर हायेत का?" मी सांगितलं. मग हळूच, "मग माझं प्रदर्शन?" खरं तर मला राग यायला हवा होता. पण पोरीचा आवाज असा होता की तोंडून निघून गेलं, "ठरलंय ना तुझं सरांशी? मग ये."

आली. शेवगावहून एसटीनं, नगरला गाडी बदलून. खांद्याला दोन जड पिशव्या आणि मांडीवर फडक्यानं झाकलेलं सूप. ते सूप तिनं दोन्ही गाड्यांत मांडीवरून खाली ठेवलं नाही म्हणे. चहा पिताना एवढंच बोलली, की आई नाही, वर्ष झालं. मग गाळ्यात गेली. मधोमध पांढरी चादर अंथरली, एका पिशवीतल्या बाजरीचा एक ढीग केला, दुसरीतल्या बाजरीचा दुसरा. मध्ये सूप, सुपाशी एक पाट. भिंतीवर काही नाही.

मी विचारलं, "झालं?" ती म्हणाली, "झालं." नगरला माहितीचा फलक छापायला टाकला होता, तो आणायला गेली. रात्री मैत्रिणीकडे राहून सकाळी येणार होती. जाताना म्हणाली, "काकू, जरा ध्यान ठेवा. उंदीर नकोत."

मी ध्यान ठेवलं हो. चांगलंच ठेवलं!

दुपारी कुलूप काढून बघायला गेले. एक ढीग स्वच्छ, मोत्यासारखा. दुसऱ्यात खडे, माती, काड्या, मधूनच कडुनिंबाची वाळकी पानं. सुपातही अर्धवट काम, कडेला पाच-सहा खडे गोळा झालेले. मला वाटलं, पोर निवडता निवडता कंटाळली. आजकालच्या पोरींना सूप धरता येतं कुठे? त्यात बिचारीला आई नाही. उद्या शाळेचे मुख्याध्यापक येणार, तुमचे विद्यार्थी येणार, आणि आपल्या दारात खड्यांची बाजरी? लोक तिला नाही, मला नावं ठेवतील.

मी पाट ओढला आणि बसले. पाखडली, सुपात घोळली, खडे काढले. तुम्हाला सांगते, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा त्या दुपारी मला बरं वाटत होतं. सुपाचा तो आवाज, हाताला ओळखीचं काम. चक्क गुणगुणत होते मी. दिवेलागणीपर्यंत दोन ढिगांचा एक ढीग झाला. भूस परसात टाकलं. खडे दारात टाकले तर अनवाणी पायाला बोचतात, म्हणून एका वाटीत काढून ठेवले. मनात म्हटलं, सकाळी पोर खूश होईल.

करायला गेले काय आणि झालं काय!

सकाळी ती फलक काखेत मारून आली आणि दारातच थबकली. "काकू, ह्ये कुनी केलं?"

मी आपली हसत हसत, "मीच. म्हटलं, तुला तेवढीच मदत."

ती खालीच बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. बारीक आवाजात म्हणाली, "माझ्या आईनं निवडाया घेतली हुती ओ ती. अर्धी झाली, आन् तिथंच पाटावरून आडवी झाली. वरीस झालं, मी कुनाला हात लावू दिला न्हाई. कीड लागू नये म्हून पाला तेवढा घातला. तिचा हात जिथं थांबला हुता, तिथंच ठिवलं हुतं समदं."

मी कान धरले, हात जोडले, काय काय बोलले ते आता आठवत नाही. तिनं एवढंच विचारलं, "खडं कुठं टाकलं?" मी धावत जाऊन वाटी आणली. तिनं मूठभर खडे परत बाजरीवर टाकून बघितले. ते नुसते वर पडून राहिले, कुणी मुद्दाम टाकल्यासारखे. मग तिनं ते एकेक करून वेचले आणि पुन्हा वाटीत टाकले.

मी म्हटलं, "बंद ठेवू आपण. सांगते मी लोकांना, माझी चूक झाली म्हणून." तिनं छापून आणलेला फलक भिंतीकडे तोंड करून उभा केला. वाटी ढिगाशेजारी ठेवली. डोळे पुसले आणि म्हणाली, "शटर उघडा, काकू."

मी आत आले आणि तुमची डायरी काढली. असंच, काहीतरी आधार पाहिजे म्हणून. तर त्यात तुमच्या पेन्सिलच्या अक्षरात स्वच्छ लिहिलेलं: प्रणाली. आईची अर्धी निवडलेली बाजरी. जशीच्या तशी. कोणी हात लावायचा नाही.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं!

एका वाक्यानं मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं हो? यात न कळण्यासारखं काय होतं? एक बाई गेली आणि तिचं निवडणं तसंच राहिलं. हे मला कळलं नसतं? अहो, तुम्ही आयुष्यात कधी सूप धरलं नाहीत. तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळलं असतं का? मला त्या वेळी तुमचा इतका राग आला, की तुमच्या फोटोकडे पाठ करून बसले. तुम्ही गेल्यावर तुमच्यावर रागवायला मिळालं ते तेव्हाच.

आणि राग ओसरला तेव्हा दुसरंच ध्यानात आलं. तेही कबूल करते. तुमचं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी तुमचं टेबल आवरायला घेतलं. ब्रश बुचकळायचा तो जस्ताचा मग, त्यात तळाला तुमचं निळं पाणी आटून बसलं होतं. मी तो राखेनं घासला. ब्रश साबणानं धुतले. रंगाचे डाग पडलेला तुमचा तो पांढरा सदरा दोनदा भिजवून, चोळून, डाग निघेपर्यंत धुतला. उन्हात वाळत घातला आणि लोकांना सांगितलं, बघा, कसा नव्यासारखा झाला!

तुमचा हात जिथे थांबला होता, तिथलं मी सगळं धुऊन टाकलं. रडत रडत नाही, टापटिपीनं. मला काही वाटलंसुद्धा नाही. आता वाटतंय, तर मगात पाणी नाही आणि सदऱ्यावर डाग नाही. मी वाईट वागले का हो? की बायका जे करतात तेच केलं? घर आवरायचं नाही तर काय करायचं? मला खरंच कळत नाही.

प्रदर्शन आठ दिवस चाललं. तुमचे विद्यार्थी आले, मास्तर लोक आले, ढिगाभोवती हात मागे बांधून फिरले आणि तुम्हाला ज्याचा वैताग यायचा तेच वहीत लिहून गेले: स्तुत्य उपक्रम. कुणी लिहिलं, सरांची उणीव भासते. वाटीबद्दल कुणी विचारलं नाही. मी चहा देताना मान वर केली नाही आणि प्रणालीही माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

बाजारच्या दिवशी मात्र गंमत झाली. एक म्हातारी हातात पिशवी घेऊन सरळ आत आली आणि ढिगाशी उकिडवी बसली. "कशी दिली गं पायली?"

प्रणाली म्हणाली, "इकायची न्हाई, आज्जे. बघायला ठिवलीय."

"बाजरी? आन् बघायला?" म्हातारीनं आम्हा दोघींकडे असं बघितलं की मला फाळ टांगले तेव्हाचा माझा भाऊ आठवला. मग प्रणालीनं तिला सांगितलं, आईची कशी, पाटावर काय झालं, सगळं. म्हातारी ऐकत राहिली. मग ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आम्ही कोणी नको म्हटलं नाही. मूठभर वर काढली, नाकाशी नेली, फुंकर मारली. "गावरान हाय," म्हणाली. मग वाटीत बोट फिरवून खडे बघितले. "निवडलीया झ्याक. कुनी निवडली?"



प्रणाली म्हणाली, "दोघींनी. आईनं आन् ह्या काकूंनी."

मी हातातला चहाचा ट्रे तिथेच स्टुलावर ठेवला, आत आले आणि पदर तोंडात धरून रडले. तुम्ही गेलात तेव्हाही अशी रडले नव्हते. तेव्हा पाहुणे होते, स्वयंपाक होता.

म्हातारीला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिचा अभिप्राय प्रणालीनं लिहून घेतलाय. मागच्याच पानावर आहे. "बाजरी चांगली हाय. लई दिस ठिवू नका, किडंल. दळून खावा." या वहीतला सगळ्यात चांगला अभिप्राय आहे तो, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटलं असतं, ते काही सांगता येत नाही.

आज बाजरी पिशव्यांत भरताना मी तिला धीर करून विचारलं, "मला माफ केलंस का गं?"

तिनं सुपाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "काकू, खरं सांगू का? सूप येष्टीतच हाललं हुतं. नगरच्या अलीकडं गाडीनं असा गचका दिला की समदं एक झालं. हितं येऊन मीच परत खडं कडंला मांडलं, आई मांडायची तसं. मंग ते आईचं हुतं का माझं? मलाबी न्हाई कळत. सरांना इचारनार हुते."

म्हणजे तीही तुम्हालाच विचारणार होती! मी म्हटलं, "मग आता या बाजरीचं काय करशील?"

"म्हाईत न्हाई. दळीन. न्हाईतर पेरीन. न्हाईतर ठिवीन अशीच."

माफ केलं की नाही, ते बोललीच नाही. मीही परत विचारलं नाही. सूप घेऊन गेली, खड्यांची वाटी माझ्याकडेच राहिली. विसरली की ठेवून गेली, देव जाणे. ओट्यावर आहे. ती घासायची की नाही, इथूनच माझा गोंधळ सुरू होतो.

ती गेल्यावर शटर ओढायला गेले आणि थांबले. शटरच्या मुठीवर तुमच्या अंगठ्याचा निळा ठसा आहे. रंगाच्या हातानं उघडत असायचात, मी सारखी ओरडायचे. एवढा एकच माझ्या तावडीतून सुटला बघा. औषधवाला आला तर शटर नव्यानं रंगवणार, नितीन म्हणालाय. आणि नाही दिला गाळा, तर शटर रोज उघडावं लागणार, मूठ धरावी लागणार, आणि तो ठसा माझ्याच हातानं झिजणार. जपायचा तर शटर बंद ठेवायला पाहिजे. मग गाळा तरी कशाला?

मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "काय हो, अडकलंय का शटर?" मी म्हटलं, "नाही, मीच अडकलेय."

तुम्ही हॉस्पिटलमध्ये शेवटचे दोन दिवस शुद्धीवर होतात. गाळ्याचं काय करायचं, एका शब्दानं बोलला नाहीत. सांगायचं राहिलं, की मला नाहीच कळायचं म्हणून सांगितलं नाहीत? हे मला आता कधीच कळणार नाही. तुमचंही निवडणं अर्धंच राहिलं म्हणायचं. ते तसंच झाकून ठेवू, की पाट ओढून बसू? प्रणालीकडे बघितलं की वाटतं ठेवावं. त्या म्हातारीकडे बघितलं की वाटतं, बसावं.

मला पाट ओढून बसणंच येतं हो. झाकून ठेवणं माझ्या हातात नाही.

तेव्हा ऐका. उद्या त्या माणसाला चहा करीन, बिस्किटं देईन आणि सांगेन, गाळा रिकामा नाही. नितीन चिडेल. चारही भिंती मोकळ्या दिसताहेत, आई काय बोलतेय, म्हणेल. का, ते मला त्याला समजावून सांगता येणार नाही. तुमच्या डायरीत पुढचं नाव संगमनेरच्या एका मुलाचं आहे, पुढे फक्त 'गोणपाट' एवढंच लिहिलंय. त्याला फोन करीन. ये म्हणेन आणि पहिल्यांदा विचारीन, बाबा, काय आहे ते मला नीट सांग, आधी कळू दे, मग झाडू हातात घेते. नारळ पुढच्या दारी फोडीन, रागवायचं तर रागवा. शटर रोज माझ्या हातानं उघडीन. ठसा झिजेल. झिजू दे.

आणि वहीत दर वेळी लिहीन. तुम्ही रेघा मारून रकाने करून ठेवलेच आहेत, तर आजपासूनच सुरुवात करते.

नाव: सुमन, तुमचीच.

गाव: पारनेर.

अभिप्राय: बघितलं. सगळं नाही कळलं. परत येते.